तिसऱ्या मजल्याची बादली

माझ्या परसातला भोपळा एका वर्षी एवढा वाढला, की पोस्टमनला माझ्या दारापर्यंत यायला त्याच्यावरून चढून पलीकडे उतरावं लागायचं. चौथ्या दिवशी त्याने शिडी मागितली. पाचव्या दिवशी भोपळ्याच्याच नावाने एक पत्र आलं.

हे मी सगळ्यांना सांगतो आणि सगळे निमूट ऐकून घेतात, कारण ऐकल्याशिवाय मी कुणाला टोमॅटो देत नाही. इमारतीत मला थापाजी म्हणतात. तोंडावर म्हणतात. आता अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या माणसाने कुणाकुणाशी भांडायचं?

भोपळ्याच्या आकाराबद्दल मी वाटेल ते बोलेन, पण त्याच्या पोटात काय गेलं होतं त्याबद्दल थाप नाही. इमारतीत अठरा बिऱ्हाडं. सकाळी सात ते आठ प्रत्येकाची बादली माझ्याकडे येते: साली, देठं, बिया, चहाचा चोथा, अंड्यांची टरफलं. परसात मी विटांचे तीन हौद बांधलेत. पहिल्यात रोजचं पडतं, दुसऱ्यात मुरतं, तिसऱ्यातलं काढून वाफ्यांना घालतो. ओल्याचा एक थर, त्यावर वाळल्या पानांचे दोन. रविवारी फावड्याने खालचं वर आणि वरचं खाली. ढिगात हात घातला की चटका बसला पाहिजे. चटका बसला म्हणजे समजायचं, आतली मंडळी कामावर हजर आहेत.

चाळीस वर्षं मी किल्ल्या बनवल्या. कुलपाचं तोंड बघून आतले दात ओळखायची सवय लागली ती लागलीच. आता बादली बघून घर ओळखतो. पहिल्या मजल्यावरच्या शिंप्याकडे मेव्हणा राहायला आला की कांद्याची सालं तिप्पट. त्याच्या शेजारच्या जोडप्याचं वाजलं की बादलीत अख्खा पाव, घासही न तोडलेला. एकदा एका बादलीत लागोपाठ तीन दिवस लिंबाच्या फोडी दिसल्या आणि मी शिंपिणीला म्हणालो, "वरच्या सुनेला दिवस गेलेत." त्या सुनेच्या नवऱ्याला ते आठवड्याने कळलं. तेव्हापासून लोक माझ्यासमोर बादली ठेवताना वर पान झाकतात.

तिसऱ्या मजल्यावर, बरोब्बर माझ्या डोक्यावर, माझी धाकटी बहीण राहायची.

चणीने एवढीशी, पण जराशी छेडली की उडायची, म्हणून लहानपणी मी तिचं नाव टिचकी ठेवलं. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती. अख्ख्या शहराने तिचा आवाज ऐकला, चेहरा कुणी पाहिला नाही. तिने चुकीचा नंबर जोडून दिला तरी लोक आभार मानून बोलत बसायचे. त्यातून दोन लग्नं जमल्याचं मी सांगतो. एक तरी खरं असेल.

तिची बादली जिन्याने येत नसे. स्वयंपाकघराच्या खिडकीला कप्पी, कप्पीवर दोरी, दोरीला निळी बादली. सात वाजून दहा मिनिटांनी ती कुरकुरत खाली उतरायची. आणि काय बादली ती! बटाट्याची साल एवढी पातळ, की तिच्यातून वर्तमानपत्र वाचून घ्यावं. बारीक अक्षर नाही, पण मथळे नक्की. अंड्यांची टरफलं धुऊन चुरलेली. चहाचा चोथा दोनदा खळबळलेला, कारण साखर राहिली तर मुंग्या लागतात. मी बादली रिकामी करायचो, विसळायचो, आणि त्यात वाफ्यातलं जे चांगलं असेल ते घालून दोरीला दोन हिसके द्यायचो. वांगी, टोमॅटो, कोवळ्या काकड्या. बादली वर जायची.

आणि या सगळ्यात आम्ही भावंडं एकमेकांशी एक शब्द बोलत नव्हतो. नऊ वर्षं.

दोष माझा. टिचकीचा नवरा घड्याळजी होता. भला माणूस, सेकंदाला जागणारा. तो गेला त्या दुपारी तिच्या घरी माणसं जमली होती. खुर्च्या भरलेल्या, काही जण जमिनीवर, आणि खोलीत अशी शांतता की भिंतीवरची सगळी घड्याळं एकदम ऐकू येत होती. मला शांतता सोसत नाही. मी शेजारच्याला हळूच म्हणालो, "तुम्हाला माहितीये का, काळ सकाळीच आला होता. पण चार मिनिटं आधी आला. मेव्हणे म्हणाले, बसा. वेळेच्या आधी मी कुठे जात नाही. तुमचं घड्याळ पुढे आहे, इकडे द्या. काढलं, उघडलं, तेल घातलं, मिळवून दिलं, आणि मगच उठले." शेजारचा फिसकन हसला. त्याने पुढच्याला सांगितलं. बघता बघता अख्खी खोली खांदे हलवून हसायला लागली. एक जण तर मोठ्याने.

टिचकी आतल्या खोलीतून बाहेर आली. हातात नवऱ्याचा चष्मा. तिने एकेकाकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे.

"दादा, परत माझ्याशी बोलू नकोस."

बस. आवाज एक्स्चेंजमधलाच. समोरचा माणूस काही म्हणायच्या आत लाइन बंद.

मला वाटलं होतं, आठवडाभर चालेल. चौथ्या दिवशी बादली खाली आली आणि मी मनात म्हणालो, झालं, निवळली. नव्हती निवळली. बादली तेवढी चालू राहिली. मी एकदा वांग्यांखाली चिठ्ठी घालून माफी मागितली. दुसऱ्या दिवशी चिठ्ठी परत आली, बारीक बारीक तुकडे करून, वाटाण्याच्या शेंगांमध्ये नीट मिसळलेली. सुका कचरा ओल्यात कसा मिसळावा हे तिला मीच शिकवलं होतं.

किल्ल्यांच्या धंद्यात मी म्हणायचो, जगात असं कुलूप नाही जे मला उघडत नाही. नऊ वर्षं मी रोज त्या खिडकीकडे बघायचो. मला जास्त काही नको होतं. तिने डोकं बाहेर काढावं आणि म्हणावं, "दादा, गाढवा." गाढवा नाही म्हणाली तरी चालेल. दोघांपैकी एक जण जायच्या आधी, एकदा.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला बादली यायची बंद झाली. एक दिवस, दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी दुसऱ्या मजल्यावरच्या नर्सबाईंना जिन्यात गाठलं. नर्सबाई इस्पितळात रात्रपाळी करतात, सकाळी झोपाळलेल्या असतात, एरवी पोटात काही ठेवत नाहीत.

"मावशी नणंदेकडे गेल्यात," त्या म्हणाल्या.

"नणंदेकडे? तिचं नणंदेशी कधी पटलं नाही!"

"मग आता पटलं असेल, काका. माणसं बदलतात." आणि खाली बघत निघून गेल्या.

मला पटलं. एवढ्या थापा मारून मारून दुसऱ्याची थाप ओळखायचं माझं नाक पार गेलेलं.

तीन आठवड्यांनी बादली पुन्हा उतरली. मी पळत गेलो. माझ्या वयाला जितकं पळतात तितकं. आणि बघतो तर काय! संत्री, मोसंबी, अननस. संत्र्यांची अर्धी अर्धी वाटीसारखी सालं, पिळून पिळून कोरडी केलेली. अननसाच्या सालीचे जाड जाड काप, त्यांना अर्धा इंच गर तसाच. हे टिचकीच्या हातचं नव्हतं. तिने अननस सोलला असता तर सालीला गर सोडा, वासही राहिला नसता. वर चमचाभर चहाचा चोथा होता. न धुतलेला.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मी बसून विचार केला. जाड साल, म्हणजे दुसऱ्याचा हात. म्हणजे घरात पाहुणा. रस काढलेला, म्हणजे पाहुण्याला चावता येत नाही. रोज एवढी फळं, म्हणजे पाहुणा लाडका. नऊ वर्षं भावाशी अबोला आणि कुणा उपऱ्याला अननसाचा रस! माझ्या पोटात असं आंबलं की काही विचारू नका.

शिंपी मागच्या दाराने बादली घेऊन आला.

"काय थापाजी, तोंड का वाकडं?"

"वर पाहुणा आलाय."

"कुठे वर?"

मी बोट वर केलं आणि आवाज चढवला, खिडकीत पोचेल एवढा. "अहो, बँडमध्ये पिपाणी वाजवणारा आहे! फुंकून फुंकून दात गेले सगळे. आता रसावर असतो. पहाटे निळ्या बादलीत बसून दोरीने वर जातो. परवा मध्येच अडकला, दुसऱ्या मजल्यावर. तिथे लटकून त्याने दोन गाणी वाजवली, तेव्हा कुठे वरून ओढून घेतला!"

"दोरी तुटली नाही?" शिंपी म्हणाला. शिंपी चांगला श्रोता आहे.

"तुटेल कशी? हाडाचा सांगाडा नुसता. प्रेमात पडलेला माणूस असाच असतो!"

मी वर बघत होतो. आता खिडकी धाडकन लागणार, किंवा ती उघडून आवाज येणार. खिडकी अर्धी उघडी होती, तशीच राहिली. फक्त आतून टिण टिण टिण असा आवाज आला, चमचा कशावर तरी आपटल्यासारखा. साखर ढवळतेय, मी म्हणालो. पिपाणीवाल्याच्या रसात.

तिकडे माझा पहिला हौद बिघडला. रोज एवढी आंबट सालं पडली तर दुसरं काय होणार? चिलटांचे ढग उठायला लागले. ढीग गार पडला. गांडुळं हौदाच्या भिंतीवर चढून पळायला लागली, बिऱ्हाड हलवल्यासारखी. मी राख घातली, पानं घातली, टरफलांचा चुरा घातला. दोन दिवस बरं वाटायचं आणि परत सात दहाला बादलीभर संत्री.

आणि एका सकाळी, नाक दाबून तो आंबट ढीग उपसताना, माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. टिचकीला माहीत नव्हतं का, की आंबटाने ढीग बिघडतो? लिंबाची एक साल जरी चुकून आली तरी ती वेगळी बांधून पाठवायची. म्हणजे ती हे मुद्दाम करत होती! पहिली संत्री पाहुण्याची असतील, पण पिपाणीवाल्याची गोष्ट ऐकून तिला राग आला होता आणि आता ती माझा हौद बिघडवत होती.

मी फावडं टाकून हसायला लागलो. नऊ वर्षांनी माझी बहीण माझ्याशी भांडत होती. सालींनी का होईना!

मग मी कसला गप्प बसतो? भिंतीकडचा काकडीचा वेल पाणी कमी पडून कडू झाला होता. त्याच्या सगळ्यात कडू काकड्या मी शोधून काढल्या. प्रत्येकीचं टोक चाखून. तोंड धुतलं, परत चाखली. चार अशा सापडल्या की गाढवानेही थुंकून दिल्या असत्या. त्या निळ्या बादलीत मांडल्या, वर टोमॅटोचं पान ठेवलं आणि दोरीला हिसके दिले. घे.

दुसऱ्या दिवशी वरून अननस वाढला. मी परत कडू काकड्या पाठवल्या. असं महिनाभर चाललं. इमारतीतले लोक म्हणाले, थापाजी, हल्ली खुशीत दिसता. होतोच खुशीत. माझा ढीग सडत होता, परसात घाण वास सुटला होता, आणि मी शीळ घालत राख टाकत होतो. मला वाटत होतं, आता फार दिवस नाहीत. बोलणं फुटणार.

मग एके दिवशी बादलीत नळी सापडली. प्लॅस्टिकची, लाल, रस प्यायची. एवढ्या वर्षांत तिच्या बादलीत प्लॅस्टिकचा कपटा कधी आला नव्हता. हे मात्र अती झालं. आणि खरं सांगतो, मला आनंदच झाला. आता वर जायला कारण होतं. बोलू नकोस म्हणाली होती, ओरडू नकोस म्हणाली नव्हती. नळी हातात धरून मी जिना चढायला लागलो.

माझे गुडघे जिना चढायच्या कामाचे राहिलेले नाहीत. एक पायरी, कठडा, श्वास. मी वाक्य जुळवत होतो. "बाई, पिपाणीवाल्याला सांग, नळी चावून खा!" दुसऱ्या मजल्यावर दम खायला थांबलो. नर्सबाईंचं दार उघडं होतं. त्या जमिनीवर बसल्या होत्या, अंगावर रात्रपाळीचाच गणवेश. समोर गोणपाट, त्यावर संत्र्याच्या सालींचा ढीग. शेजारी दुसरी एक बादली, अर्धी भरलेली. त्या कात्रीने साली कापत होत्या आणि बादलीत टाकत होत्या.

मी दारात उभा राहिलो. त्यांनी वर पाहिलं आणि कात्री तशीच राहिली.

"उद्याची," त्या म्हणाल्या. लहान पोरीसारखं तोंड झालं होतं. "उद्या मला घरी यायला उशीर होणार आहे, म्हणून आजच."

"ही नळी..." मी म्हणालो.

"चुकून आली असेल. कोपऱ्यावरच्या रसवाल्याकडून आणते मी गोणपाट भरून. तो नाहीतरी फेकतो. मी निवडते, पण झोप असते हो डोळ्यांवर."

"पण कशासाठी?"

नर्सबाईंनी मला आत ओढलं आणि स्टुलावर बसवलं. पाणी दिलं. मी पाणी धरून बसलो.

"मावशी नणंदेकडे गेल्याच नव्हत्या, काका. आमच्या इस्पितळात होत्या. घशाचं निघालं. काढलं तेवढं काढलं, उरलं ते राहिलं. आवाज गेला. बोलताच येत नाही आता. आणि गिळताही येत नाही, पोटाला लावलेल्या नळीने जातं थोडं."

"मला का नाही..."

"मी भांडले त्यांच्याशी. त्यांनी लिहून दिलं, दादाला कळवायचं नाही. म्हटलं, ते बादली बघतात, बादली थांबली की कळणारच. मग म्हणाल्या, म्हणजे लिहिलं, की बादली थांबवायची नाही. रोज भरून सोड. थोडा चहा घाल, नाहीतर त्याला कळेल. मला काय माहीत हो कसली साल पातळ आणि कसली जाड! मला रसवाला जवळ पडला."

"तिने बघितली नाही बादली? ती संत्री?"

"उठवत नव्हतं त्यांना. घरी आणल्यावर पंधरा दिवसांनी बघितली. कपाळावर हात मारला त्यांनी. लिहिलं, आंबट! आता दादाचा ढीग गेला." नर्सबाई हसल्या आणि रडायला लागल्या. "मी म्हटलं उद्यापासून दुसरं आणते. तेवढ्यात तुमच्या त्या काकड्या आल्या. कडू. त्यांनी एक कापायला लावली आणि टोक जिभेला लावलं. गिळता येत नाही, पण जिभेला चव लागते ना. असं तोंड केलं! आणि मग लिहिलं, दादा भांडतोय. काका, त्या दिवशी किती खूश होत्या म्हणून सांगू. मला लिहून दिलं, बदलू नकोस, संत्रीच घाल, अननसही घाल."

मी पाणी न पिताच खाली ठेवलं.

"आणि तो पिपाणीवाला," त्या म्हणाल्या. "खिडकीत ऐकत होत्या. हसताना आवाज येत नाही ना त्यांचा. पलंगाच्या दांडीवर चमचा आपटत होत्या."

"का कळवायचं नाही म्हणाली?"

नर्सबाईंनी एक घडी केलेला कागद शोधला. औषधाच्या चिठ्ठीची पाठ. टिचकीचं अक्षर, तिरकं, घाईचं: 'त्याला वाटू दे मी रागावलेय. रागावलेली बहीण असली की माणूस वाट बघतो. ही अशी बहीण बघून तो बागेत पाणी घालायचा नाही.'

तिसरा मजला मी कसा चढलो, माहीत नाही. दार नर्सबाईंच्या किल्लीने उघडलं. मीच बनवलेली किल्ली ती, केव्हाची तरी.

टिचकी खिडकीलगत पलंगावर होती. तिथून खालचं सगळं दिसत होतं. हौद, वाफे, काकडीचा वेल, माझं बसायचं फळकूट. माझी टाळू रोज दिसत असणार. ती उशीला टेकून बसली होती, गळ्याला पांढरा रुमाल, आणि मुळात एवढीशी बाई आता इतकी कमी उरली होती की पांघरुणाखाली कुणी आहे असं वाटत नव्हतं. डोळे तेवढे तेच. तिने माझ्या हातातल्या लाल नळीकडे पाहिलं. मग नर्सबाईंकडे पाहिलं, अशा नजरेने की त्या बिचाऱ्या दाराआड गेल्या.

मग तिने पेन्सिल घेतली. लिहिलं आणि कागद वर धरला.

'गुडघे?'

"बरे आहेत," मी म्हणालो. नऊ वर्षांनंतरचा माझा पहिला शब्द.

तिने मान हलवली. थापा मारू नकोस, अशी. मी पलंगाच्या कडेला बसलो. तिने हात पुढे केला आणि माझ्या नखांतली माती बघितली. दुसरा कागद घेतला.

'आता बोल.'

आणि मला काही सुचेना. आयुष्यभर ज्या तोंडाला कुलूप लागलं नाही, ते असं कोरडं पडलं. भोपळे आठवेनात, पोस्टमन आठवेना. "मी तुला कडू काकड्या पाठवल्या," एवढंच म्हणालो. "चाखून चाखून. सगळ्यात कडू शोधून पाठवल्या गं तुला." आणि माझा बांध फुटला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा म्हातारा, हातात रस प्यायची नळी, हमसून हमसून.

तिने मला रडू दिलं. थोडा वेळच. लहानपणापासून तिला थांबायचा कंटाळा. मग बोटांनी माझ्या गुडघ्यावर टक टक केलं आणि नवा कागद समोर धरला. एकच शब्द.

'मग?'

लहानपणी एका अंथरुणावर निजायचो तेव्हा ती तेच म्हणायची. मी थांबलो की अंधारातून, मग? झोप आली तरी, मग? मी नाक पुसलं.

"मग," मी म्हणालो, "त्यातली एक काकडी एवढी कडू निघाली, की तिला वेलावरच्या बाकीच्या काकड्यांनी वाळीत टाकलं. ती म्हणाली, ठीक आहे. ती उतरली, फाटक उघडलं आणि निघाली."

'मग?'

"मग रस्त्यात तिला एक डॉक्टर भेटला."

रोज सकाळी बादल्या आवरल्या की मी वर जायचो. पायऱ्या मोजायच्या सोडल्या. जाताना एक पिकलेला टोमॅटो न्यायचो. नर्सबाई तो कुसकरून, दोनदा गाळून, त्याचं पाणी नळीतून घालायच्या. आधी एक थेंब जिभेवर. टिचकी डोळे मिटायची आणि बोट वर करायची, बरा आहे. काकडी डॉक्टरकडे औषध म्हणून नोकरीला लागली, रोगी तिला बघूनच बरे व्हायला लागले, डॉक्टरचा धंदा बुडाला, डॉक्टरने तिला आगगाडीत बसवून दिलं. टिचकी नवा कागद घेत नसे. पेन्सिल धरवत नव्हती. तोच 'मग?' उचलायची, खाली ठेवायची, परत उचलायची. कागदाचे कोपरे मऊ पडले होते. चमचा दांडीवर वाजायचा, दिवसेंदिवस हळू.

एकदा मी घड्याळजींची माफी मागायला लागलो. तिने चमच्याने माझ्या हातावर मारलं. चांगलं लागलं. आणि परत कागद.

अठरा दिवस असे गेले.

एकोणिसाव्या दिवशी काकडी समुद्रापाशी पोचली होती. सगळं जग तिला कडू म्हणून हिणवून झालं होतं आणि ती किनाऱ्यावर बसून समुद्राला विचारत होती, की तू एवढा खारट, तुला कुणी कसं सहन करतं? बाहेर ऊन आलं होतं. टिचकीचा हात कागदावर होता. मी समुद्राला बोलतं करणार होतो, म्हणून जरा थांबलो. असं थांबलं की ऐकणाऱ्याने विचारायचं असतं.

कागद उचलला गेला नाही.

मी म्हटलं, झोपली असेल. थोडं थांबून म्हणालो, "समुद्राने काय सांगितलं असेल, टिचके?" नर्सबाई पुढे आल्या. त्यांनी तिचं मनगट धरलं, मग रुमालाशेजारी बोटं लावली. मी त्यांना म्हणालो, थांबा हो जरा, गोष्ट चालू आहे. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही.

खालून शिंपी हाका मारत होता. फाटकापाशी त्याने बादली आणून ठेवली होती आणि मी कुठे दिसत नव्हतो. नर्सबाईंनी खिडकीतून डोकं बाहेर काढून त्याला काय ते सांगितलं.

त्यानंतर त्याने मला दोन वेळा विचारलं. वरची खिडकी उघडी असायची, आवाज खाली जायचा, त्याने परसात बसून बरीचशी गोष्ट ऐकली होती. "थापाजी, त्या काकडीला समुद्र काय म्हणाला?"

मी त्याला सांगितलं, आठवत नाही.